गोळी घेताय की गाण्याला बसताय

६ जानेवारी, सोमवार. पहाटे ५.१०

नवी वही, नवं पेन, नवा मी.

संकल्प. एक, रोज पाच ते सात रियाज. दोन, चहा, ताक, लोणचं बंद. घसा हे आता माझं हत्यार आहे. तीन, कुणाच्या बोलण्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. विशेषतः सुशीलाच्या. बायको आहे, पण रसिक नाही.

उद्यापासून वाघोलीच्या मानसिक आजारांच्या हॉस्पिटलात संगीतोपचारक म्हणून रुजू. तीन महिने ट्रायल. मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी चार ते पाच. वीज मंडळाच्या तक्रार खिडकीवर चौतीस वर्षं बसलो आहे, त्यामुळे डोकं फिरलेल्या माणसांची सवय आहे. शिवाय चाळीस तासांचा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स केलाय. त्यातले दोन तास लाइट नव्हती, पण ते थिअरीचे होते.

एप्रिलमध्ये कमिटी बसणार, स्टाफचं मत घेणार. स्टाफला पटलं तर आपण कायम. म्हणजे झालंच म्हणायचं.

५.२५. रियाज सुरू.

५.३२. वरच्या मजल्यावरच्या बापटांनी जमिनीवर काठी आपटली. सम चुकली त्यांची. रियाज स्थगित.

५.४०. चहा. अर्धा.

७ जानेवारी, मंगळवार

मांडीवर पेटी घेऊन मनपापासून बसनं वाघोली. सव्वा तास. शेजारच्या तरुणानं विचारलं, काका, मिक्सर दुरुस्तीला नेताय का. म्हणालो, नाही, मेंदू दुरुस्तीला. तो उठून पुढे जाऊन बसला.

हॉस्पिटलची व्यवस्था चोख. वॉर्डच्या इनचार्ज भाग्यश्री सिस्टर, कडक बाई. वॉर्डबॉय मच्छिंद्र, पन्नाशीचा, इथलाच गाववाला. त्यानं नऊ पेशंट आणून सतरंजीवर बसवले, दोघांना तर दंडाला धरून. मग बाहेर जाऊन दाराला कडी घातली. एकाग्रता भंगू नये म्हणून. मी न सांगता!

सुरुवात माझ्या ‘मेंदू-शांती स्तोत्रा’नं. स्वरचित. अकरा कडवी. शांत हो रे मेंदू, शांत हो रे मेंदू, टिपून घे अलगद माझा सूरबिंदू. सातव्या कडव्याला ऋषी नावाचा आयटीतला मुलगा उठला आणि खिडकीचे गज धरून उभा राहिला. आठव्याला तात्याराव रडले. तात्याराव म्हणजे रिटायर्ड पोस्टमास्तर, सत्तरीचे. गोळ्या घेत नाहीत हाच त्यांचा मुख्य आजार, असं सिस्टर म्हणतात. पहिल्याच दिवशी अश्रू! मोठमोठ्यांना नशिबी नसतात.

पाच वाजता कडी उघडली. बाहेर सगळा स्टाफ चहा पीत होता. ऐकत होते बिचारे, आत यायला संकोच.

१० जानेवारी, शुक्रवार

सिस्टरच्या दोन्ही कानांत कापूस. म्हणाल्या, कान दुखतोय. दुसऱ्या दोन सिस्टरांच्या आणि मच्छिंद्रच्याही कानात कापूस. वॉर्डात साथ दिसते. मी त्यांना तुळशीचा रस सुचवला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

भाग्यश्री सिस्टरनी तिळगूळ दिला. म्हणाल्या, गोड बोला. मग म्हणाल्या, नुसतं बोलाच. मनमोकळी बाई आहे.

आज माझी केस नंबर एक सापडली. मथुराबाई. साठी उलटलेली, जवळच्याच खेड्यातली. खेडं कसलं, आता महापालिकेत आलंय, शेतात टॉवर उभे आहेत. नवरा गेल्यापासून बाईनं बोलणं टाकलं, मग जेवण टाकलं. सात महिने झाले तोंडातून शब्द नाही.

पण हॉलकडे जाताना व्हरांड्यातून आवाज आला. चारपाच बायका मेथी निवडत होत्या आणि त्यांत मथुराबाई ओवी गुणगुणत होती. सूर काळी चार आणि काळी पाच यांच्या मधे कुठेतरी रस्ता चुकलेला. मी थांबलो. बेसूर ऐकलं की माझा चेहरा आपोआप दुखावतो, कलावंतापाशी त्याला इलाज नाही. बाईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाली. जाण आहे!

सिस्टरनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, महिनाभर झाला, मेथी निवडायला बसवलं की ती आपोआप गुणगुणते. मेथी येते मंगळवारी आणि शुक्रवारी. तेवढाच तिचा आवाज. आम्ही कुणी काही बोलत नाही, बघत नाही, नुसतं शेजारी बसतो. हळूहळू बोलायला लागेल. तुम्ही जरा दुसऱ्या वाटेनं जाल का हॉलला?

मेथी! आणि हे म्हणे हॉस्पिटल.

२१ जानेवारी, मंगळवार

सिस्टरना म्हणालो, मथुराबाईंना माझ्याकडे पाठवा. म्हणाल्या, नाही, ती चारला मेथी निवडते. म्हणालो, मेथीची वेळ बदला. म्हणाल्या, मेथी निवडून पाचला किचनमध्ये जाते, तुम्हीच सहाला या. सहाला येणं शक्य नाही. चारच्या सुमाराला मुलतानी राग चालतो. सहाला पूरिया घ्यावा लागेल, आणि पूरिया मला येत नाही. हे त्यांना सांगण्याचं कारण नव्हतं. म्हणालो, शास्त्रात बसत नाही.

सुशीलाला सांगितलं. म्हणाली, बाईला मेथी तरी निवडू दे सुखानं.

रियाज : आज नाही. बापटांकडे पाहुणे.

२४ जानेवारी, शुक्रवार

सिस्टरना डावलून थेट वर गेलो. हॉस्पिटलचं ऑपरेशन्स बघणारा अभिनव म्हणून पोरगा आहे, एमबीए, एकोणतीस वर्षांचा, सारखा लॅपटॉपमध्ये. त्याला सांगितलं, नर्सिंग स्टाफ थेरपीत अडथळा आणतोय. त्यानं विचारलं, सर, डेटा आहे का. म्हणालो, पेशंट पाठवा, डेटा होईल. दोन मिनिटांत त्यानं मेल टाकला. मथुराबाईंना मंगळवार-शुक्रवार चार वाजता संगीतोपचारास पाठवणे बंधनकारक.

चौतीस वर्षं सरकारी खात्यात फुकट नाही काढली.

२८ जानेवारी, मंगळवार

मथुराबाई पहिल्या रांगेत. हाताला मेथीचा वास. मी प्रेमानं सांगितलं, बाई, तुमचा गळा ग्रामीण आहे पण फुकट जाऊ देणार नाही. आधी नुसता सा लावा. काळी एक. मी पाच मिनिटं सा धरून बसलो. तिनं तोंड उघडलं, माझा चेहरा बघितला, मिटलं. ऐकत राहणं ही पहिली पायरी, असं मी वहीत केस नंबर एक खाली लिहिलं.

दाराच्या काचेतून सिस्टर बघत होत्या. डोळे लाल होते. कानाचा त्रास वाढला असावा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा प्रसंग सोन्याच्या अक्षरांनी लिहायला हवा.

बस लवकर मिळाली, साडेतीनलाच पोचलो. वॉर्डात औषधवाटप चालू होतं. तात्यारावांनी तोंड घट्ट मिटलेलं. सिस्टर ट्रे घेऊन उभ्या, आणि शांतपणे म्हणाल्या, तात्याराव, गोळी घेताय की गाण्याला बसताय?

तात्यारावांनी दोन्ही गोळ्या एकदम गिळल्या. पाण्याशिवाय!

माझ्या अंगावर काटा आला. गोळी किंवा गाणं! संगीताला औषधाच्या बरोबरीनं बसवलं बाईंनी, तेही पेशंटसमोर, तेही माझ्या पाठीमागे. आणि मी त्यांची तक्रार केली होती. मनातल्या मनात त्यांना माफ केलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या लक्षात एक गोष्ट आली आहे. शहाण्यासारखे वागणारे पेशंट बाहेर कॅरम खेळतात. माझ्याकडे येतात ते भांडणारे, ताट फेकणारे, औषध थुंकणारे. म्हणजे सगळ्या अवघड केसेस स्टाफ विश्वासानं माझ्यावर सोपवतो. आज ऋषीनं सकाळी ताट फेकलं, दुपारी पहिल्या रांगेत. मच्छिंद्र त्याला आणताना म्हणत होता, सांगितलं व्हतं ना तुला.

मच्छिंद्र मला म्हणाला, सर, तुमचा लई धाक हाय वॉर्डात. खेडूत माणूस, त्याला आदर म्हणायचं होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऋषी चौथ्या कडव्याला दाराशी गेला, दार बडवलं आणि इंजेक्शन मागितलं. स्वतःहून! आजवर चार माणसं लागायची त्याला धरायला. कडवं पुरं होईपर्यंत थांब म्हणालो. म्हणाला, नाही सर, आत्ता, प्लीज.

औषधाबद्दलची जागरूकता. नवा मुद्दा. शोधनिबंधात घालायचा.

संकल्प : शोधनिबंध मार्चअखेर पुरा करणे. शीर्षक ठरलं. ‘रुग्णालयीन कर्मचाऱ्यांचा संगीतोपचाराकडे पाहण्याचा दृष्टिकोन’. पुढचं उद्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मथुराबाईंचा मुलगा आला होता, रविराज. गळ्यात चेन, हातात दोन फोन, पण आईसमोर बसला तर लहान पोरासारखा. म्हणाला, सर, वीस एप्रिलला आमच्या अक्षताचं लगीन. आमच्यात हळद जात्यावर दळतात, आन् पहिली मूठ आजीनं घालायची, ओवी आजीनं म्हणायची. आई न्हाई तर पोरगी हळद लावून घ्यायची न्हाई म्हणतीय. डॉक्टर म्हणतात, त्या स्वतःहून बोलायला लागू देत, मग सोडतो. सर, तुमच्या गाण्यानं काय होत असंल तर बघा. हात जोडले त्यानं.

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, पाडव्यापर्यंत तुमच्या आई सरगम म्हणतील. तो म्हणाला, सरगम नको सर, नुसतं च्या दे म्हणली तरी बास.

अल्पसंतुष्ट लोक.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मथुराबाई. दहावी बैठक. आवाज नाही. हातावर तीनताल धरायला सांगितलं तर हात मांडीवर तसेच ठेवून बसली, जणू पुढ्यात मेथी आहे.

सिस्टर म्हणाल्या, जेवण परत अर्ध्यावर आलंय तिचं. म्हणालो, भरल्या पोटी गाता येतच नाही.  म्हणाल्या, तुमचं कसं व्हायचं हो. काळजी करतात हल्ली माझी.

७ मार्च, शुक्रवार

डॉक्टर तनुजांनी बोलावलं. तरुण आहेत, हुशार आहेत. म्हणाल्या, सर, संगीतोपचार चांगलाच असतो, मी स्वतः मागे लागून तो सुरू केला, पण नीट ऐकून घेऊन केला तर. मथुराबाईंच्या बाबतीत थोडे दिवस थांबू या का? त्यांना मेथीला परत बसवू या. लग्नाला सहा आठवडेच राहिलेत.

म्हणालो, डॉक्टर, पी हळद आणि हो गोरी असं होत नसतं. अकरा बैठकांत कुणी गात नाही, मला विशारदच्या तिसऱ्या वर्षाला चार वर्षं लागली. म्हणाल्या, पास झालात? म्हणालो, मुद्दा तो नाही. अभिनवचा मेल दाखवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि फाइल मिटली.

बाईला आत्ता सोडलं तर माझी केस नंबर एक मेथीच्या नावावर जाईल.

११ मार्च, मंगळवार

स्टाफसाठी फॉर्म केला. दहा प्रश्न. संगीतोपचाराचा सर्वात मोठा फायदा कोणता, तो चालू राहावा का, आठवड्यातून किती वेळा, वगैरे. नाव लिहायची गरज नाही, मोकळेपणानं लिहा. वीस प्रती वाटल्या. सिस्टर गोळा करून कमिटीला देतील.

अभिनवनं लॅपटॉपवर आलेख दाखवला. वॉर्डातली भांडणं, ताटफेक, औषध थुंकणं मिळून डिसेंबरात महिन्याला बावीस. फेब्रुवारीत सहा. सर, यू आर अ रॉकस्टार, म्हणाला. मला तो शब्द आवडत नाही, पण पोराचा हेतू चांगला होता.

१३ मार्च, गुरुवार. होळी

सोसायटीच्या होळीला पोरं बोंब मारत होती, अगदीच खालच्या पट्टीत. त्यांना तार सप्तक म्हणजे काय ते दाखवलं. तीन बोंबा. तिसरी शनिवारवाड्यापर्यंत गेली असावी. बापटांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदाच!

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

आवाज नाही. अजिबात. नुसती हवा.

१५ मार्च, शनिवार

कान-नाक-घशाचे डॉक्टर. स्वरतंतूंना सूज. तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही. सुशीलानं त्यांच्याकडून तेच दोनदा वदवून घेतलं. घरी आल्यावर शिरा केला. फोनवर बहिणीला सांगत होती, सुंठेवाचून खोकला गेला.

पाटी आणि खडू आणलाय. सुशीलाकरवी वॉर्डाला फोन केला, स्पीकर लावून. मच्छिंद्रनं फोनवर विचारलं, पक्कं तीन हप्ते? मग फोन खाली न ठेवता कुणाला तरी ओरडून सांगितलं. मागे टाळ्या वाजल्यासारखं ऐकू आलं. कॅरम चालला असेल.

१८ मार्च, मंगळवार. दुपारी ४

या क्षणी मथुराबाई रिकाम्या सतरंजीकडे बघत असेल. वाईट वाटतं.

शोधनिबंध : शीर्षकाला अधोरेखित केलं.

२३ मार्च, रविवार

सुशीला स्वयंपाकघरात गुणगुणते. एकतीस वर्षांत मला माहीत नव्हतं. कदाचित घर एवढं शांत कधी नसेल. कणीक मळताना हळू आवाजात काहीतरी, आईकडचं असावं. मी दारात जाऊन उभा राहिलो. पाटीवर लिहून दाखवलं, निषाद उतरतोय.

तिनं वाचलं. पाटी पुसली. गुणगुणणंही बंद केलं.

लोकांना शिकायचंच नसतं.

३० मार्च, रविवार. पाडवा

गुढी उभारली. कडुलिंब खाल्ला. आज मथुराबाई सरगम म्हणणार होती. रविराजला पाटीवर लिहून कसं कळवणार? मुदत दहा दिवसांनी वाढवायची.

४ एप्रिल, शुक्रवार

आवाज परत! बसमध्येच सा लावून पाहिला. शेजारची बाई उतरली, तिचा स्टॉप नव्हता.

मथुराबाई नाही. परवाच घरी गेली. बोलायला लागली, जेवायला लागली, मुलगा गाडी घेऊन आला आणि घेऊन गेला. कॉटवर नवीन पेशंट.

कॉटभोवती एक फेरी मारली. मग उलगडा झाला. तेरा बैठकांचा साठलेला परिणाम! बी पेरल्यावर लगेच का उगवतं? कोर्समध्येही होतं हे, बहुतेक लाइट गेली त्या दोन तासांत. मी सिस्टरना म्हणालो, अभिनंदन, आपल्या दोघांचं. त्या म्हणाल्या, अकरा तारखेला कमिटी आहे ना, तिथे बोलू.

स्तोत्र गायलो. तात्याराव मला बघून म्हणाले, अरे देवा, बरे झालात? केवढी आत्मीयता.

१० एप्रिल, गुरुवार

उद्या कमिटी. पांढरा झब्बा इस्त्रीला. भाषण तयार, दहा मिनिटं. शेवटी स्तोत्राची फक्त दोन कडवी, आग्रह झाला तर अकरा.

११ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ७

कसं लिहू.

क्रमानं लिहितो. कमिटीत अभिनव, डॉक्टर तनुजा, भाग्यश्री सिस्टर. मच्छिंद्र चहा द्यायला. अभिनवनं फॉर्म वाचायला घेतले. वीसच्या वीस आलेले. चालू राहावा का? वीस होय. माझा ऊर भरून आला. मच्छिंद्रनं पुढे ठेवलेला चहासुद्धा नाकारला.

मग सर्वात मोठा फायदा कोणता. पहिला फॉर्म. नुसतं नाव काढलं तरी पेशंट गोळी घेतो. दुसरा. गाण्याला बसवीन म्हटलं की भांडण थांबतं. तिसरा. पूर्वी धमकी द्यायला काही नव्हतं, आता आहे. चौथा. तासभर चहा निवांत होतो, पण कापूस पुरवावा. पुढचे वाचताना अभिनव हसायला लागला, मग माझ्याकडे बघून थांबला.

मी म्हणालो, विनोदबुद्धी छान आहे स्टाफची. 

डॉक्टर तनुजा उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मला हे माहीत नव्हतं, ही लाजिरवाणी गोष्ट आहे, आजारी माणसांना शिक्षा म्हणून कोंडायचं आणि त्याला थेरपी म्हणायचं. हे आजच बंद करा. सिस्टर म्हणाल्या, मॅडम, चुकलं आमचं. पण एका पाळीला वीस पेशंट तीन माणसांत सांभाळायचे तर हाताशी लागेल ते वापरतो आपण.

मला बोलायला हवं होतं. मी म्हणालो, ते काहीही असो, मथुराबाई? ती तर माझी केस आहे.

सिस्टरनी वॉर्डचं रजिस्टर उघडलं आणि वाचलं. आवाज न चढवता. अठरा मार्च. संगीत नाही. पेशंटला मेथीला बसवलं. गप्प. एकवीस मार्च. संगीत नाही. पेशंट गुणगुणली. पंचवीस मार्च. संगीत नाही. पूर्ण ओवी म्हटली. पूर्ण जेवली. अठ्ठावीस मार्च. संगीत नाही. म्हणाली, शिस्टर, मेथीला आळी लई हाय आज. एक एप्रिल. मुलगा भेटायला आला. म्हणाली, रवी, वाळलास.

रजिस्टर मिटलं. मग म्हणाल्या, मी तिला विचारलं होतं, मधे दोन महिने गात का नव्हतीस. रजिस्टरमध्ये लिहिलं नाही ते. ऐकायचंय तुम्हाला?

नको म्हणायला हवं होतं.

मथुराबाई म्हणाली होती, मी गायले की त्या मास्तरांचं त्वांड उतरायचं वो. लई दुखायचं त्यास्नी. घरी कुणी ऐकत नसंल त्यांचं, म्हणून येवढ्या लांब पेटी घिऊन येत्यात. म्हणलं, गप बसावं. तेवढंच त्यांना बरं वाटंल.

चहा थंड झाला होता. मी तो घेतला.

निर्णय. संगीतोपचाराचे नियमित तास बंद. पण अभिनव म्हणाला, बावीसवरून सहा, डेटा इज डेटा. डॉक्टर तनुजांनी विरोध लिहून दिला, दार आपटून गेल्या. माझी नेमणूक सहा महिने वाढवली आहे. गरजेनुसार. फोन आला की यायचं.

मी सही केली.

१२ एप्रिल, शनिवार

सुशीलाला सगळं सांगितलं.  शेवटी म्हणाली, आणि त्या बाईला काही कळत नाही म्हणून तुम्ही तिच्यावर उपचार करत होता?

मग आत गेली. कणीक मळण्याचा आवाज येत होता. नुसता कणकेचाच.

१३ एप्रिल, रविवार

रियाज नाही. बापट जिन्यात भेटले, तब्येत विचारली. इतकी चांगली माणसं आहेत, उगाच.

शोधनिबंधाचं पान फाडलं. मागची बाजू कोरी होती म्हणून जपून ठेवलं.

१५ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११

रविराज स्वतः घरी येऊन पत्रिका देऊन गेला. आज दुपारी चारला हळद दळणार. म्हणाला, आईनं तुमास्नी मुद्दाम बोलवायला सांगितलंय. मग जिन्यात थांबला, चप्पल घालत म्हणाला, सर, राग मानू नका, तिचाच निरोप हाय. पेटी आणू नका म्हणली. नुसतं ऐकायला या.

सुशीला म्हणाली, मीही येते. रिक्षानं जाऊ. मोरपंखी साडी काढून ठेवली तिनं.

संकल्प. एकच. आज चार वाजता नुसतं ऐकायचं. चेहरा सरळ ठेवायचा. आरशात दोनदा करून पाहिला. जमतोय.

दुपारी २.२०

मच्छिंद्रचा फोन. सर, तात्यारावांनी गोळी थुकली, सिस्टरांच्या अंगावर. कुणाला ऐकंनात. या लगेच, पेटी घिऊन.

सुशीला साडी नेसून सोफ्यावर बसलीय. पर्स मांडीवर. माझ्याकडे बघत नाहीये.

गरज आहे त्यांना. डॉक्टर बोलावणं आलं की लग्न सोडून जातोच की.

संध्याकाळी ६.३०

परत येताना रविराजच्या गावाच्या फाट्यावर बस थांबली होती. मांडव दिसत होता. काही ऐकू आलं नाही, खिडकीची काच बंद होती. मी उघडली नाही.

वॉर्डात चारला पाच मिनिटं कमी असतानाच पोचलो होतो. तात्याराव कॉटवर बसले होते. त्यांनी मला दारात पाहिलं, पेटी पाहिली. सिस्टरच्या हातातून दोन्ही गोळ्या घेतल्या आणि गिळल्या.

गायची गरजच पडली नाही.

मच्छिंद्रनं चहा दिला. घेतला, पूर्ण. सव्वाचारच्या बसनं परत.

सुशीला अजून आलेली नाही. ती एकटीच गेली हळदीला.